डिकीतला पास

"असून काय उपेग? दिसला पायजे."

बोईसर स्टेशनबाहेरच्या दुचाकीतळावर गाडी लावणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य एकदा तरी ऐकलेलं असायचं. आपण उत्तर द्यायला मान वर करावी, तोवर पास तपासणाऱ्या मावशी तीन गाड्या पुढे गेलेल्या. डावा हात एकेका सीटवर टेकवत, जरा वाकून हँडलकडे बघत त्या रांगेतून चालायच्या. महिन्याच्या पासाचं रंगीत कार्ड हँडलला बांधलेलं दिसलं की पुढची गाडी. नाही दिसलं की मालकाला हाक.

वय पन्नाशीच्या आसपास. साडीवर ठेकेदाराने दिलेला पुरुषी मापाचा खाकी शर्ट, बाह्या दोनदा दुमडलेल्या. मूळ गाव आत डोंगराकडे, पण सालवडला एका चाळीत खोली घेऊन राहायच्या. पूर्वी दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर जायच्या, तो गेल्यावर एकट्या जाऊ लागल्या, आणि पावसाच्या तोंडावर परतायच्या. तळावरची नोकरी लागली आणि ते थांबलं. "आता बारा म्हयने एकाच चुलीवर भाकर भाजते," असं त्या मोठ्या तोऱ्यात सांगायच्या. आपल्याला त्यात काय विशेष, असं वाटायचं.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, गाड्या राहत. बँकेतल्या एका साहेबांना त्या "मागचा ब्रेक नाय" म्हणायच्या. एका प्राध्यापिकाबाईंचं नाव होतं "दोन आरसे", कारण आख्ख्या तळावर दोन्ही आरसे शाबूत असलेली तेवढी एकच गाडी. जुन्या स्कूटरच्या आवाजावरून मी बरीच वर्षं "कुईकुई" होतो. नवी स्कूटर घेतली त्या दिवशी मी "नवी राखाडी" झालो आणि बढती मिळाल्यासारखी मान ताठ करून स्टेशनात शिरलो.

एकदा मी घाईत चावी डिकीलाच विसरून पालघरला कचेरीत गेलो. दिवसभर खिसे चाचपत बसलो होतो. संध्याकाळी परतलो तर मावशींची पाळी संपून दोन तास झालेले, आणि त्या माझ्या स्कूटरशेजारी उलट्या बादलीवर बसलेल्या. कमरेची पिशवी सोडून त्यांनी चावी काढली. बदलीवर आलेल्या माणसाकडे का नाही दिली, असं मी विचारलं. "त्याला तुमचं तोंड म्हायती नाय," एवढंच बोलून त्या सालवडच्या रिक्षाकडे चालू लागल्या. मी त्यांना चहा तरी पाजायला हवा होता. सुचलं नाही.

आता पासाचं सांगतो. नव्या स्कूटरच्या हँडलला सुतळीने कार्ड बांधायचं माझ्या जिवावर यायचं. पास मी दर महिन्याला न चुकता काढायचो, पण ठेवायचो डिकीत. मावशींनी मला तीनदा-चारदा टोकलं. मी हसून "उद्या बांधतो" म्हणायचो. सरकारी माणसाचा "उद्या" तुम्हाला ठाऊकच आहे.

मग ठेकेदाराने नियम कडक केला. एकाच पासावर घरातल्या दोन-दोन गाड्या आत यायला लागल्या होत्या, म्हणून पास दिसला नाही की चाकाला साखळी आणि वर दंडाची पावती. आठ दिवस आधी फलकही लागला होता. तो फलक मी वाचला होता. हे आधीच कबूल करतो, कारण पुढे अर्जात मी "कोणतीही पूर्वसूचना न देता" असं लिहिलं.

त्या संध्याकाळी माझ्या पुढच्या चाकाला साखळी होती. मी डिकी उघडली, पास काढला आणि मावशींसमोर धरला. तारीख बरोबर, गाडीचा नंबर बरोबर.

"हाय, खरा हाय," त्या म्हणाल्या. "पन साहेब, मी बघू कशी? डिकीत डोकं घालू का?"

आजूबाजूला गाड्या काढणारे आठ-दहाजण हसले. "मागचा ब्रेक नाय" तर जरा जास्तच हसले. मावशीही हसल्या, आणि पावती पुढे करताना हळूच म्हणाल्या, "वर बसलेले पावत्या मोजतात ओ, नायतर सोडलं असतं." त्या सुरात चिडचिड नव्हती. मला ते तेव्हाच कळलं होतं. पण कानात ते आठ-दहाजणांचं हसू शिरलं होतं. मी दंड भरला आणि तोंड पाडून घरी आलो.

मी कचेरीत अर्जांची उत्तरं लिहितो. वीस वर्षं तेच करतो आहे. कोणता अर्ज ढिगाच्या तळाशी जातो आणि कोणता साहेबांच्या टेबलावर, हे मला न वाचता सांगता येतं. जेवण झाल्यावर मी कागद घेऊन बसलो आणि लिहिलं, की माझा पास वैध असताना आकारलेला दंड परत मिळावा. वाचून पाहिलं. अर्ज अगदी मरतुकडा वाटला. पास असला तरी दाखवलेला नव्हता, एवढ्या एका वाक्यात कोणीही तो उडवून लावला असता. त्याला वजन हवं होतं. मग हाताला सवय होती तसं खाली उतरलं, "सदर महिला कर्मचाऱ्याने अर्वाच्य भाषा वापरून सर्वांसमक्ष अपमान केला." त्याखाली "प्रत माहितीसाठी सविनय सादर" लिहून रेल्वेच्या वरच्या दोन कार्यालयांची नावं टाकली. प्रत गेली की ठेकेदार घाबरतो, हेही मला माहीत होतं.

आठवड्यात दंड परत आला, सोबत दिलगिरीचं पत्र. मी ते पत्र बायकोला दाखवलं, कचेरीत चार टेबलांवर फिरवलं. "असं लिहायचं असतं," असं एका नव्या लिपिकाला शिकवलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी तळावर मावशी नव्हत्या. तिसऱ्या दिवशीही नव्हत्या. खुर्चीत मोबाइल बघत बसलेला नवा माणूस म्हणाला, "वो गयी." मी पुढे काही विचारलं नाही. आजारी असतील, गावी गेल्या असतील, असं मीच मला समजावत राहिलो. मला खरं कारण माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

दोनेक आठवड्यांनी त्या स्वतःच समोर आल्या. तळाच्या फाटकाशी माझी वाट बघत उभ्या होत्या. खाकी शर्ट नव्हता, त्यामुळे मी क्षणभर ओळखलंच नाही.

"साहेब, तुमी कचेरीत हाय ना? मला एक अर्ज लिवून द्या. कोनीतरी माझी तक्रार केली. काढलं मला."

"कोणी केली?" मी विचारलं. हा प्रश्न मी विचारला, हे लिहितानाही कसंतरी होतं.

"नाव नाय सांगत ते. बोलतात, अर्वाच्य बोलली. अर्वाच्य म्हंजे काय, साहेब?"

"शिवीगाळ," मी म्हणालो.

"मी शिव्या दिल्या? कवा?" त्या फाटकाला टेकून आठवायला लागल्या. अगदी मनापासून. पावसात कोणाला तरी गाडी नीट लाव म्हणून ओरडल्या होत्या, ते आठवलं. "मागचा ब्रेक नाय" साहेबांना एकदा तोडून बोलल्या होत्या, तेही आठवलं. "तेच असतील. पन त्यांचा तरी काय दोष, मीच बोलले ना." इतक्या सगळ्यांत त्यांना माझी आठवण झाली नाही. समोर उभ्या माणसावर संशय घ्यायचं त्यांच्या मनातच येत नव्हतं.

मी स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून अर्ज लिहिला. माझ्यावरील आरोप पूर्णतः निराधार असून, मी कधीही कोणाशीही अर्वाच्य बोललेले नाही. चांगला उतरला. त्यांनी सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली.

"दिवाली झाली का भट्टीचा मुकादम येईल," त्या म्हणाल्या. "त्याच्या आदी काम परत भेटलं तर बरं. आता नाय होत वो विटा उचलायला." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुमी संगती चला. तुमचं ऐकतील."

नाही म्हणायला तोंड नव्हतं. वाटलं, त्यांना बाहेर बसवू, आत एकटा जाऊन सांगू, काम परत मिळवून देऊ आणि त्यांना कधीच काही कळणार नाही. ठेकेदाराचं ऑफिस बाजारातल्या एका जिन्याच्या वर होतं. मावशींनी बाहेर बसणं मनावर घेतलं नाही. त्या माझ्या मागोमाग आत आल्या.

मुनीम कागद वाचून माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने फाईल काढली आणि दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवले.

"साहेब, हिला काढली ती तुमच्याच अर्जावर. हाही तुम्हीच लिहिलाय, अक्षर तेच आहे. ह्यातला खरा कोणता?"

खोली लहान होती. मावशी माझ्या अगदी शेजारी उभ्या होत्या. पहिला खोटा, एवढे दोनच शब्द बोलायचे होते. एखाद्या वेळी त्यांचं काम परत मिळालं असतं. वीस वर्षांत दुसऱ्यांच्या चुकांवर पांघरूण घालायला मी जो शब्द वापरत आलो, तोच तोंडातून आला.

"जरा गैरसमज झाला होता."

"मग ठीक आहे," मुनीम म्हणाला आणि फाईल मिटली. "नवा माणूस ठेवलाय आता. जागा झाली की बघू."

जिना उतरताना मावशी पुढे होत्या. खाली रस्त्यावर आल्यावर त्या थांबल्या, वळल्या आणि पहिल्यांदाच माझ्या गाडीकडे नाही, माझ्याकडे बघितलं. आवाज चढलेला नव्हता.

"गैरसमज कोनाचा झाला, साहेब?"

मी खिशात गाडीची चावी शोधू लागलो. वर बघितलं तेव्हा त्या बाजारातल्या गर्दीतून सालवडच्या दिशेने चालत निघाल्या होत्या. रिक्षा रिकामी जात होती, तिला त्यांनी हात केला नाही.