कमरेचा कापूस

दिल्लीत बायकांचं आणि लेकराबाळांचं भलं पाहणारं एक मंत्रालय आहे आणि त्याचं शेवटचं टोक माझ्या पर्समध्ये असतं. म्हणजे मोबाइल. सकाळी चहा गाळता गाळता तो वाजायला लागतो. अमुक अंगणवाडीची हजेरी आली नाही, तमुक गावात वजनं अर्धीच भरली. मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका, अकोटच्या पलीकडची सव्वीस गावं माझ्याकडे. निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत, गुडघे मात्र कधीचेच निवृत्त झाले.

पूर्वी रजिस्टरं होती, बारा तेरा. ती गेली आणि सगळं मोबाइलमध्ये आलं, तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. मूर्खच आम्ही. आता खाऊचं पाकीट द्यायचं तर आधी आईचा चेहरा फोनला दाखवायचा. बाई वावरातून आलेली, डोक्याला फडकं, तोंडावर धूळ. सेविका तिला उन्हात उभी करते, डोळे मिचकाव म्हणते, ती मिचकावते, आणि फोन म्हणतो ही ती बाई नव्हेच. लग्नातल्या फोटोत होती तशी ती राहिलेली नसते, हे फोनचं म्हणणं तिलाही पटतं. हसते आणि पुन्हा मिचकावते.

पाहुण्यांत कोणी ना कोणी विचारतंच, तुमचं ते मंत्रालय करतं तरी काय? चिडलेली असले तर म्हणते, फोन करतं. पण खरं सांगायचं तर माझ्या आईच्या वेळी कोणी दारात वजनकाटा घेऊन आलं नव्हतं. तिची दोन लेकरं गेली. ती लाल होती की पिवळी, हे कोणी लिहून ठेवलं नाही. आमच्याकडे लेकरांना रंग असतात. वजन बरोबर असेल तर हिरवा, कमी असेल तर पिवळा, फारच कमी असेल तर लाल. तीस वर्षं मी हे रंग पाहते आहे आणि आता खरंच कंटाळले आहे.

गेल्या हंगामात एका गावात एक मुलगी लाल होती. दोन वर्षांची, वजन सात किलो चारशे. आई तेवीस-चोवीसची, कापूस वेचायला जाणारी, बोलायला धीट. मी तिला दिवाळीनंतर समजावलं होतं की अकोल्याला लेकरांचा एक वॉर्ड आहे, तिथं आईसकट चौदा दिवस ठेवतात, खाऊ घालतात, औषध देतात. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की वेचणी ऐन भरात आहे, सासूचे डोळे गेलेले, चौदा दिवस घर कोण पाहील? पुढच्या महिन्यापर्यंत थांबा मॅडम, वजन नाही वाढलं तर मीच पोरीला घेऊन निघते. मी थांबले. जबरदस्ती करून आणलेली आई तिसऱ्या दिवशी पळून जाते, हे मला माहीत होतं.

पुढच्या महिन्यात पोरीचं वजन आलं नऊ किलो दोनशे. हिरवी.

तो आकडा मंजुरीसाठी माझ्या मोबाइलवर आला, मी तो अकोटच्या बसस्टँडवर पाहिला. बस लागायची होती, महिनाअखेर होती, एका लालचा थेट हिरवा झालेला पाहून मला बरं वाटलं. आणि लगेच दुसरं मनात आलं, महिन्याभरात एवढं? दोन वर्षांचं लेकरू महिन्यात पाव किलो वाढलं तरी खूप, हे तर पावणेदोन किलोच्या वर. हे मला कोणी शिकवायला नको. बोट तसंच फोनवर थांबलं होतं. आकडा परत पाठवला तर सेविकेला पुन्हा वजन करावं लागणार, माझी टक्केवारी अडणार, वरून फोन येणार. एवढ्यात बस लागली. मी बरोबर आहे असं दाबलं आणि खिडकीजवळची जागा धरली.

चार दिवसांनी त्या गावावरून जाताना मुलीची आई दिसली. मी गाडीवरूनच ओरडले, पोरगी सुधारली बरं का तुझी! तिचा चेहरा असा उजळला की मलाच लाज वाटायला हवी होती. तेव्हा वाटली नाही.

सेविका खोटं लिहिणारी नव्हती. अठरा वर्षं काम करते, गावातल्या अर्ध्या पोरांना तिनंच बोट धरून रांगेत उभं केलंय. पण त्या गावात लेकराला टांगून वजन करू देत नाहीत. काट्याच्या हुकाला टांगलेलं लेकरू चारचौघींनी पाहिलं की दृष्ट लागते म्हणतात. शनिवारी तर काट्याजवळही आणत नाहीत. मग सेविकेनं तोड काढलेली. मोठ्या माणसांच्या काट्यावर आईनं लेकराला घेऊन उभं राहायचं, मग लेकरू खाली ठेवून एकटीनं. दोन्हींतला फरक म्हणजे लेकराचं वजन. पद्धत चुकीची नाही, आम्हीच प्रशिक्षणात शिकवली आहे.

त्याच्या पुढच्या वजनाच्या दिवशी मी नेमकी तिथं होते. ठरवून नव्हे, शेजारच्या गावची अंगणवाडी बंद निघाली म्हणून. दुपारची सुट्टी झाली तशा बाया वावरातून सरळ आल्या. वेचणाऱ्या बाया कमरेला फडकं बांधतात, पुढून पोटाशी त्याची झोळी होते आणि वेचलेला कापूस त्यात भरत जातात. ती आई आली तेव्हा झोळी अर्धी भरलेली होती. आली तशी, सेविकेनं घरून आणून बसवलेल्या लेकराला कडेवर घेऊन काट्यावर चढली. सेविकेनं आकडा लिहिला. मग उतरून लेकराला सतरंजीवर ठेवलं. ठेवायला वाकताना कमरेचा कापूस मध्ये येतो, म्हणून झोळी सोडून लेकराजवळच ठेवली. आणि एकटी काट्यावर चढली.

मी खुर्चीत बसल्या बसल्या हे सगळं पाहिलं. लेकराच्या वजनात कापूस मोजला गेला होता. महिन्यापूर्वीही असंच झालं असणार, कारण वेचणी तेव्हाही चालूच होती. घाईत आलेली बाई, घाईत असलेली सेविका. आणि घाईत असलेली मी.

उठून पुन्हा वजन करायला लावलं. झोळी बाहेर ओट्यावर ठेवायला सांगितली. सात किलो शंभर. पोरगी वाढली तर नव्हतीच, उतरली होती. मी तिचा दंड किती बारीक झालाय ते पाहिलं, सूज आहे का म्हणून पायावर अंगठा दाबून पाहिला. ती रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. रडणारी लेकरं मला आवडतात. न रडणाऱ्यांची भीती वाटते.

सेविका पदराआड रडू लागली. मी तिला रागावले नाही. कोणत्या तोंडानं रागावणार होते? आईला मी सरळ सांगितलं की मागचं वजन चुकलं होतं, कापूस धरून केलं होतं, पोरगी सुधारलेली नाही आणि आजच अकोल्याला निघायला पाहिजे. तिला समजायला थोडा वेळ लागला. मग हळू आवाजात म्हणाली,

"मॅडम, तुमीच त म्हनलं पोरगी सुदरली म्हून. म्या त तिले सासूपाशी टाकून दोन टाइम वेचाले जाऊन राहिली होती."

"हो, मीच म्हटलं. माझीच चूक आहे," मी म्हणाले.

याच्यावर ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती घरी गेली, एका पिशवीत दोन लुगडी आणि पोरीचं झबलं कोंबून परत आली. सासूला शेजारणीच्या भरवशावर ठेवलं. अकोटपर्यंत ऑटो, तिथून अकोल्याची बस. मी सोबत गेले. वाटेत पोरगी माझ्या मांडीवर झोपली आणि आई खिडकीबाहेर वावरं पाहत बसली. वॉर्डातल्या नर्सनं काही न विचारता खाट दिली. डॉक्टरीणबाई पोरीला तपासून म्हणाल्या की आणखी आठ-दहा दिवस गेले असते तर अवघड होतं. बाहेर येऊन पायऱ्यांवर बसले.

पोरगी वॉर्डात असतानाच अमरावतीला विभागाची आढावा बैठक आली. भिंतीवर मोठा पडदा, पडद्यावर दिल्लीच्या बाई. कोणाचे किती लाल कमी झाले ते पडद्यावर यायचं आणि टाळ्या पडायच्या. माझ्या भागाची पाळी आली तर तीच पोरगी निघाली. नाव नव्हतं, नंबर होता. एका महिन्यात लालवरून हिरवी! पर्यवेक्षिकांनी उभं राहून सांगावं, त्यांनी नेमकं काय केलं. बाकीच्यांना शिकता येईल.

उभं राहताना गुडघा कटकन वाजला. शेजारच्या पर्यवेक्षिकेनं कौतुकानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले,

"मॅडम, ती पोरगी वाढली नव्हती. तिच्या आईच्या कमरेला कापूस होता, तो वजनात गेला. आकडा चुकीचा आहे हे मला दिसलं होतं, तरी मी पास केला. पोरगी आज अकोल्याच्या वॉर्डात आहे."

मागं कोणीतरी फिसकन हसलं, गंमत सांगते आहे असं वाटून. मला वाटलं आता झापतील, नोटीस देतील, तीस वर्षांचं पाणी होईल. तयारीच केली होती मनाची. पडद्यावरच्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, आणि शांतपणे म्हणाल्या की नोंद दुरुस्त करून घ्या. पुढचा जिल्हा. दुष्ट नव्हत्या त्या. त्यांनाही दिवसभरात किती जिल्हे ऐकायचे होते कोणास ठाऊक. मी खाली बसले आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत मला काहीच ऐकू आलं नाही.

चौदा दिवसांनी पोरगी आठ किलोला टेकली आणि घरी आली. रडायला लागली होती, चांगलं भोकाड पसरून. मी तिच्यासाठी राजगिऱ्याचे लाडू घेऊन गेले, आईनं ते घेतले, चहा केला, सासूशी माझी ओळख करून दिली. सगळं रीतीप्रमाणे. मला वाटलं, मिटलं.

पुढच्या वजनाच्या दिवशी मी मुद्दाम गेले. वेचणी संपली होती, तिच्या कमरेला कापसाची झोळी नव्हती. तरी ती काट्याजवळ येऊन थांबली. चपला काढल्या. कमरेच्या पिशवीतला मोबाइल काढून खिडकीत ठेवला. मग हातातल्या काचेच्या बांगड्या एकेक करून उतरवायला लागली. बांगड्यांनी काही फरक पडत नव्हता, दोन्ही वेळा त्या हातातच राहिल्या असत्या. सेविका सांगायला गेली, तिनं ऐकलं नाही. बाकीच्या बाया बघत होत्या. सगळ्या बांगड्या सतरंजीवर ठेवून, रिकाम्या हातांनी तिनं लेकरू उचललं, काट्यावर चढली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली,

"आता पाहा मॅडम. आता तुमीच वाकून पाहा."

मी गुडघ्यांवर बसले आणि आकडा वाचला. मग ती एकटी चढली, तोही वाचला. आठ किलो तीनशे, पिवळी. ती म्हणाली, पुन्हा पाहा. मी पुन्हा पाहिला.