दिलगिरीच्या शेवटची ओळ

आमच्या पाण्याच्या फिल्टरच्या कंपनीविरुद्ध अनेक ग्राहकांनी मिळून केलेल्या दाव्यात तडजोड झाली असून भरपाईत माझाही वाटा आहे, असा मेल सकाळी आला. कंपनीनं फार सुंदर शब्दांत दिलगिरी व्यक्त केली होती. मला ती खरीच वाटली.

ऑफिसला निघालेली मुलगी म्हणाली, "बाबा, गोड शब्दांवर जाऊ नका. मागतायत काय, ते बघा."

शेवटच्या ओळीत प्रक्रिया शुल्क मागितलं होतं, तेही आजच्या आज. मी मेल पुसून टाकला. देणाऱ्याला एवढी घाई कशाला असेल?

स्वयंपाकघरात बायको मेथी निवडत होती. काल पाहुण्यांसमोर मी तिची थट्टा केली होती. आज उठल्यावर "चुकलं माझं" म्हणालो आणि त्याच दमात "आता हस बघू" असंही म्हणालो. ती तशीच स्वयंपाकघरात निघून गेली होती. तिनंही शेवटची ओळच वाचली असणार.

मी तिच्यासमोर बसलो. "काल चुकलं माझं," एवढंच म्हणालो आणि एक जुडी पुढे ओढली. तिनं हसावं असं फार वाटत होतं. ते मात्र बोललो नाही.