आईचं कुत्रं

अमेरिकेत आल्यापासून आईची एकच तक्रार होती: इथे रस्त्यावर कुत्रं नाही. माणसं नाहीत हे तिने पहिल्याच आठवड्यात मान्य करून टाकलं. पण कुत्रंही नाही म्हणजे काय? "रातची उरलेली पोळी कोणाले द्याची मग?" ती मला विचारायची, आणि ती कचऱ्यात टाकताना असा चेहरा करायची की गुन्हा जणू मीच केलाय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी आधी चँडलर शहरात संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत होते. तिथे निदान रविवारी बुद्धवंदनेला आमची चार घरं जमायची, डाळभाजी व्हायची, भांडणंही व्हायची. मग बढतीच्या मोहाने मी युटातल्या एका लहान गावात आले, आणि नेमकी त्याच वर्षी आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी माझ्याकडे आली. महापालिकेच्या शाळेत जन्मभर पोरांना ओरडलेली बाई. इथे तिला ओरडायला कुणी नव्हतं. मी सकाळी कामावर जायची ती संध्याकाळी यायची. मधल्या वेळात ती टीव्ही बघायची आणि त्यातून तिने एक इंग्रजी वाक्य उचललं होतं, "नो प्रॉब्लेम". ते ती कुठेही वापरायची, पोस्टमनपासून छतावरच्या बर्फापर्यंत.

आमच्या घरामागे कुंपण, आणि कुंपणापलीकडे शेजाऱ्याचं मेंढ्यांचं कुरण. शेजारी सत्तरीचा, उंच, फार न बोलणारा. पहिल्या हिवाळ्यात माझी गाडी खड्ड्यात गेली तेव्हा त्याने ट्रॅक्टर आणून ती बाहेर काढली होती आणि वर, चूक रस्त्याची होती, असं म्हणाला होता. आई त्याला भाऊ म्हणायची. त्याच्या बायकोने आईला एक पोरकं कोकरू बाटलीने दूध पाजायला दिलं, आणि त्या दिवसापासून आईच्या दुपारी जरा बऱ्या जायला लागल्या. त्याने आम्हाला मटण पाठवलं की आई सावजी रस्सा करायची. तो घाम पुसत, नाक ओढत, ताट चाटूनपुसून खायचा.

फेब्रुवारीत एक दिवस मी घरी आले तर आई खुशीत. "सापडलं कुत्रं," म्हणाली. "मागच्या पायरीशी येते. हाडकुळं आहे बिचारं, मालकच नसंन त्याले. पण मोठं अडाणी आहे वो! मी चप्पल उचलाले वाकली तरी पळालं नाही."

हे खरंच नवल होतं. नागपूरला माणूस नुसता जमिनीकडे वाकला की कुत्री गल्ली पार करतात. दगड हातात असायचीही गरज नसते.

शनिवारी मी स्वतः पाहिलं. आईने "ये, ये, यू-यू-यू" केलं, पोळीची घडी घालून लांब भिरकावली, आणि गवतातून ते आलं. राखाडी-तपकिरी, निमुळतं तोंड, झुपकेदार शेपटी खाली धरलेली.

"आई, हे कुत्रं नाही. कोयोटी आहे. कोल्ह्या-लांडग्याच्या जातीचं जनावर."

"तुले कोणं सांगितलं? पोळी खाऊन राहिलं ना?"

पोळी खातो तो कुत्रा, ही तिची व्याख्या होती.

आता खरी पंचाईत सांगते. आमच्या भागात कोयोटी मारल्याबद्दल सरकार बक्षीस द्यायचं. पुरावा म्हणून दोन्ही कान कापून कचेरीत न्यायचे. शेजारी ते कान पावाच्या रिकाम्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवायचा आणि गावात काम निघालं की नेऊन द्यायचा. एकदा त्याच्या बायकोने मला मटार काढून द्यायला फ्रीझर उघडला, तेव्हा ती पिशवी मी पाहिली होती. मटार मी घेतले, शिजवलेही. खरं सांगायचं तर मला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. तो शिकारीची शेखी मिरवणारा माणूस नव्हता. कोकरांच्या दिवसांत तो गाडीतच झोपायचा, आणि फाडलेलं कोकरू सापडलं की दिवसभर कुणाशी बोलायचा नाही.

आई मात्र रोज सकाळी अंघोळ करून, छोट्या बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती लावून पंचशील म्हणायची, आणि त्यात पहिलं वचनच प्राणिहत्या करणार नाही हे. आणि दुपारी सावजी मटण. यावर मी एकदा तिला छेडलं होतं. "मी कुठं मारलं?" असं म्हणून तिने मलाच कांदा चिरायला बसवलं.

मी तिला पोळी टाकू नको म्हणून बजावलं. ती हो म्हणाली आणि टाकत राहिली. मी पाहूनही पाहिलं नाही, कारण त्या जनावराशी ती दिवसभर नागपूरच्या गोष्टी बोलायची आणि संध्याकाळी माझ्यावर कमी चिडायची.

मार्चअखेर आईचं कोकरू गेलं. बाटलीचं दूध पिणारं, तिच्या हाकेला येणारं. कुंपणाशी फक्त लोकर सापडली. आई पायरीवर बसून रडली, आणि रडता रडता सारखी मागच्या गवताकडे बघत होती.

त्या संध्याकाळी शेजारी टोपी हातात घेऊन आला. त्याने खूप दिवस सापळे लावून पाहिले होते, जखमी सशासारखी वाजणारी शिट्टी फुंकून पाहिली होती. हे जनावर फसत नव्हतं. पण आईच्या हाकेला ते येतं, हे त्याने ट्रकमधून पाहिलं होतं. तिच्यावर त्याचा राग नव्हता. तो हळू आवाजात एवढंच म्हणाला, "तिला विचार, एकदा बोलावेल का? ते आता माणसाला घाबरत नाही. परत येणारच. अजून बरीच कोकरं आहेत."

मी आईला शब्दन् शब्द सांगितला. भाषांतर करताना मला कळेना, मी कुणाच्या बाजूने बोलतेय. तो म्हणत होता ते खरं होतं. कोकरू तर तिचंच गेलं होतं. पण ते कोयोटी पायरीपर्यंत आलं ते तिच्या पोळीमुळे, आणि कोकरं वाचवायची ती शेवटी ताटात घालायलाच ना? मला दोघांचंही पटत होतं आणि दोघांचाही राग येत होता.

आई कणीक मळत होती. गोळा झाकून ठेवला. मग म्हणाली, "उद्या संध्याकाळी ये म्हणा त्याले." मला धक्काच बसला. तिने कोकरासाठी मन घट्ट केलंय असं मी समजले.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरताना शेजारी गवताच्या गंजीमागे बंदूक घेऊन बसला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते. आई साडीवर माझं जाकीट घालून पायरीवर आली. तिने हाक मारलीच नाही, पण रोजची वेळ झाली होती म्हणून ते आपणहून आलं आणि नेहमीच्या जागी थांबलं. आईने पदराखालून हात काढला. हातात पोळी नव्हती, दगड होता.

"हाड! हाड! जाय इथून!" अख्खा वर्ग हादरेल असा आवाज. दगड त्याच्यापासून थोड्या अंतरावर पडला.

त्याने कान टवकारले. आईकडे पाहिलं. आणि पळायच्या ऐवजी पुढे येऊन, रोज पोळी हुंगायचं तसा, तो दगड हुंगायला लागलं. आई दुसरा दगड उचलायला वाकली, तरीही ते हललं नाही. मान खाली घालून निवांत उभं होतं तेव्हाच बंदूक वाजली.

मी बाहेर धावले. दुसरा दगड आईच्या हातातच होता. "मी तर हाकलून राहिली होती," ती म्हणाली. "भाऊच्या देखत पळालं असतं तर भाऊनं सोडलं असतं. पण त्याले दगड माहीतच नव्हता वो."

शेजारी कुरणातून आला. डोळे पाणावलेले, टोपी छातीशी धरलेली. त्याला मराठी येत नव्हती. त्याने पाहिलं ते एवढंच, की या म्हाताऱ्या बाईने काहीतरी टाकलं आणि जनावराला एका जागी उभं केलं.

"सांग तिला," तो मला म्हणाला, "ती नसती तर हे जमलं नसतं."

"काय म्हणते भाऊ?" आईने विचारलं.

दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणाले, "त्यांना फार वाईट वाटतंय, आई. माफ करा म्हणतात."

आईने पदराने डोळे पुसले, पुढे होऊन त्याच्या दंडावर हात ठेवला, आणि मान हलवत म्हणाली, "नो प्रॉब्लेम, भाऊ. नो प्रॉब्लेम."