भरलेल्या टाकीतला ठोका

या सदरात लिहिणारे बहुतेक जण पहिल्याच परिच्छेदात सांगतात, की असल्या गोष्टींवर आपला विश्वास नव्हता. शेवटच्या परिच्छेदापर्यंत तो बसलेला असतो. माझा अजूनही बसलेला नाही. मी केमिस्ट्रीचा माणूस. जे बाटलीत पकडून तपासता येत नाही, त्याबद्दल मी सहसा बोलत नाही. ही एक गोष्ट मात्र बाटलीत सापडली नाही आणि डोक्यातूनही जात नाही, म्हणून लिहितो आहे.

मी बिअरच्या कारखान्यात लॅबमध्ये नोकरी करत होतो. कळव्याच्या पुढे, ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून आमची ब्रुअरी होती. राहायला डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडवर. तिथल्या आमच्या सोसायटीत माझ्या नोकरीचा उल्लेख 'पेयपदार्थांची कंपनी' असा व्हायचा. माझ्या सासऱ्यांनी तर लग्नाच्या बोलण्यांत 'फूड प्रोसेसिंग' असं सांगून टाकलं होतं. असो.

मूळ कारखाना एका पारशी कुटुंबाचा. ऐंशीच्या दशकात तो दक्षिणेतल्या एका मद्यसमूहाने विकत घेतला. गेटवरची पाटी बदलली, कॅलेंडरवरचा फोटो बदलला, कँटीनमध्ये सांबार सुरू झालं. बिअर तीच राहिली. मग नव्वदीच्या सुरुवातीला परदेशी कंपन्यांना देशाची दारं उघडली आणि आमच्या मालकांना कळलं, की आपल्यापेक्षा मोठा मासा बाजारात हिंडतो आहे. युरोपातली एक अवाढव्य ब्रुअरी कंपनी भारतात कारखाने बघत होती. आमच्याकडे 'बघण्याचा कार्यक्रम' ठरला. भिंतींना रंग, झाडांच्या बुंध्यांना गेरू, आणि मुलगी सडपातळ दिसावी म्हणून माणसं कमी करायची मोहीम.

त्या मोहिमेत लक्ष्मण गेला.

लक्ष्मण आणि हरेश्वर ही टाक्या धुणारी जोडी. लक्ष्मण कळव्याचा, हरेश्वर कोपरीच्या कोळीवाड्यातला. आमच्या तळघरात बिअर मुरवायच्या मोठाल्या आडव्या टाक्या होत्या. प्रत्येकीला पुढच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर, माणूस सरपटत आत जाईल एवढं गोल दार. टाकी रिकामी झाली, की हरेश्वर ब्रश घेऊन आत शिरायचा. बिअर निघून गेली तरी तिचा वायू, कार्बन डायऑक्साइड, तळाशी साचून राहतो. रंग नाही, आणि थंड तळघरात त्याचा काही पत्ताही लागत नाही. दोन-चार श्वासांत माणूस खाली बसतो आणि मग उठत नाही. म्हणून आधी ब्लोअर लावून टाकी हवेशीर करायची, आणि आत माणूस असेपर्यंत दुसऱ्याने दाराशी उभं राहायचं. लक्ष्मण बाहेरून पान्याने टाकीवर ठोके द्यायचा आणि हरेश्वर आतून ब्रशच्या दांड्याने उत्तर द्यायचा. दोघांचे ठोके वेगळे होते. नेमके कसे, हे मी कधी लक्ष देऊन ऐकलं नव्हतं. तळघरात गेलं की ते कानावर पडत, घड्याळाच्या टिकटिकीसारखे.

नरिमन पॉइंटहून एक कन्सल्टंट आला होता. टाय लावून तळघरात अर्धा तास उभा राहिला आणि मीटिंगमध्ये म्हणाला, "एक माणूस काम करतो, दुसरा नुसता ठोकतो. यात व्हॅल्यू ॲडिशन काय?"

मी म्हटलं, "पहिला जिवंत बाहेर येतो."

सगळे हसले. प्लँट मॅनेजरने सांगितलं, की वायू मोजायचा मीटर येतोय, इम्पोर्टेड, मग ठोकायची गरज नाही. लक्ष्मणला व्हीआरएस देऊन घरी बसवलं. मीटरही आला. तो इतका देखणा होता, की पाहुण्यांना दाखवायच्या काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

त्यानंतर हरेश्वर एकटाच आत जायला लागला. मी एकदा त्याला हटकलं.

"अरे, कुणाला तरी उभं करत जा दाराशी."

"कोनाला करू? सगले रंग द्यायला लावलेत," तो म्हणाला. "लक्षा होता तवा बरा होता, साहेब. तो भायेर ठोकायचा, मंग मना वाटायचा मी हाय."

पाहुणे आले त्या दिवशी कँटीनसमोर मांडव घातला होता. कामगारांना नव्या टोप्या देऊन गेटपासून दोन रांगांत उभं केलं होतं. गोऱ्या लोकांना उकडू नये म्हणून स्टेजच्या मागे एक भलामोठा पंखा घरघरत होता. तो पंखा कुठून आला, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.

त्यांच्या मुख्य साहेबांनी पडद्यावर कंपनीचा इतिहास दाखवला. कित्येक शतकांपूर्वी एका गावात एक छोटी भट्टी. तिने शेजारच्या गावातली भट्टी घेतली. मग दोन शहरांतल्या दोन मोठ्या कंपन्या एकत्र आल्या आणि दोघींची नावं जोडून एक नाव झालं. मग तिसरी आली, नाव आणखी लांबलं. शेवटी ते लेबलवर मावेना, तेव्हा एका जाहिरात संस्थेला पैसे देऊन कोणत्याच भाषेत अर्थ नसलेलं नवं नाव बनवून घेतलं. मग समुद्रापलीकडच्या खरेद्या सुरू झाल्या. जगाच्या नकाशावर दर स्लाइडला लाल ठिपके वाढत होते, गोवर आल्यासारखे. पुढच्या ठिपक्यासाठी ठाण्याच्या खाडीजवळ जागा रिकामी ठेवली होती. टाळ्या झाल्या.

माझ्या शेजारी त्यांचा तांत्रिक माणूस बसला होता. यान नावाचा, उंच, पन्नाशीचा, मितभाषी. त्याची सरबराई माझ्याकडे होती. मी त्याला हळूच विचारलं, "विकत घेतल्यावर या ठिपक्यांचं पुढे काय होतं?"

"मी त्यातल्याच एका ठिपक्यातला," तो म्हणाला. "आमची ब्रुअरी घेतली. तीन वर्षांनी बंद केली. लेबल अजून विकतात, बिअर दुसरीकडे बनते." मग घड्याळाकडे बघून म्हणाला, "अजून पुष्कळ स्लाइड्स आहेत. तळघर दाखवता का?"

आम्ही मागच्या बाजूने निघालो. तळघरात चिटपाखरू नव्हतं. सगळे टोप्या घालून गेटवर. भाषणात आवाज नको म्हणून कॉम्प्रेसर आणि पंपही बंद ठेवले होते. एवढं शांत तळघर मी कधी पाहिलं नव्हतं. जिना उतरून खाली पाय ठेवला आणि ठोके ऐकू आले.

ठक... ठक-ठक. थोडं थांबून पुन्हा. ठक... ठक-ठक.

"कोण ठोकतंय?" यानने विचारलं. हे मुद्दाम लिहितो. आधी त्याने विचारलं, मी नाही.

"टाकी धुताहेत," मी म्हटलं. "दुपारी तुम्हाला आतून दाखवायची आहे." मला बरंही वाटलं. ठोके चालू आहेत, म्हणजे हरेश्वर ठीक आहे. आम्ही आणखी चार पावलं गेलो... आणि माझ्या लक्षात आलं, की लक्ष्मण घरी बसून महिना होऊन गेला. मग हा हरेश्वर ठोकतोय कुणासाठी?

आवाज डाव्या हाताच्या चौथ्या टाकीतून येत होता. मी तिच्यासमोर थांबलो. दार बंद, चारही बोल्ट कसलेले. त्याच सकाळी मी स्वतः तिच्यातून तपासणीसाठी ग्लासभर नमुना काढला होता. टाकी गळ्यापर्यंत भरलेली होती.

मी पत्र्यावर तळहात ठेवला. गार, घामेजलेला पत्रा. ठोका हाताला लागला... आतून दार वाजवल्यावर जसा लागतो, तसा. यानने माझ्याकडे पाहिलं आणि त्यानेही हात ठेवला. पुन्हा आला. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं, की त्यालाही लागला.

"यात काय आहे?"

"बिअर," मी म्हटलं.

"मग रिकामी टाकी कुठली आहे?"

तेवढ्यात ठोके थांबले.

मी पळालो. रिकामी टाकी अगदी टोकाला, वळणापलीकडे होती, जिन्यावरून दिसत नव्हती. तिचं दार उघडं. खाली बादली, शेजारी जोडीने काढून ठेवलेल्या चपला. ब्लोअर लावायच्या जागी नुसता त्याचा रबरी पाइप पडलेला. मांडवातला तो पंखा कुठून आला, ते मला तेव्हा कळलं. दारातून हात-दोन हात आत हरेश्वरचा पाय दिसत होता.

मी वाकलो, डोकं आत घालणार, तेवढ्यात यानने मागून माझी कॉलर धरून मला जमिनीवर आपटलं.

"तू आत गेलास तर दोन जण मरतील! कॉम्प्रेस्ड एअर कुठे आहे?"

कॉम्प्रेसर बंद होता, पण लाइनमध्ये दाब शिल्लक होता. मी नळी ओढून आणली, त्याने ती टाकीत खुपसली आणि पूर्ण सोडली. किती वेळ सोडली, मला सांगता येणार नाही. मग मी श्वास रोखून हात आत घातला आणि पाऊल पकडलं. ओलं होतं, निसटलं. दुसऱ्यांदा निसटलं. वर मांडवात टाळ्या वाजत होत्या. तिसऱ्यांदा आम्ही दोघांनी मिळून ओढला आणि हरेश्वर बाहेर आला, निळा पडलेला. यान त्याच्या तोंडात हवा फुंकत राहिला. शेवटी हरेश्वर खोकला. तो आवाज ऐकून मी भिंतीला टेकून खाली बसलो.

ॲम्ब्युलन्स मागच्या गेटने गेली. पुढच्या गेटवर हारतुरे चालू होते.

दुसऱ्या दिवशी मी कळव्याच्या हॉस्पिटलात गेलो. हरेश्वर उशीला टेकून बसला होता. लक्ष्मणला कुठून तरी कळलं होतं, तो पायाशी बसून त्याला शिव्या घालत होता.

"ब्लोअर नाय तर आत कशाला मेलास रं? साहेब लोकांला टाकी चमकवून दाखवायची खाज तुला?"

"मांडवात नेलाय ते मना काय ठाव? पाइप दिसला, मना वाटला कोनी लावून बंद केलाय."

मी हरेश्वरला विचारलं, "तू आतून ठोकत होतास का?"

"नाय. दोन हात मारलं आन पाय गेलं. पुढचा काय ठाव नाय."

मग मी काय ऐकलं ते सांगितलं. लक्ष्मणने माझ्याकडे संशयाने बघितलं.

"म्हंजी मी ठोकला म्हनता? मी पुतन्याच्या लग्नात भात वाढत होतो, साहेब. अख्ख्या कळव्याला विचारा. आन कामावरना काहाडलेला मानूस फुकट येऊन ठोकंल? मंग पगार कुठं हाय माझा?"

हरेश्वर हसला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबली. मग लक्ष्मण जरा खालच्या आवाजात म्हणाला, "कसा होता ठोका?"

मी खाटेच्या लोखंडी दांड्यावर बोटाने वाजवून दाखवला. ठक... ठक-ठक.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"ह्यो माझा नाय," लक्ष्मण म्हणाला. "माझं नुसतं दोन. 'हायस का?' म्हनून. ह्यो आतल्याचा हाय. 'हाय... हाय-हाय' म्हनून सांगतो, तो."

मी पुढचे कित्येक दिवस त्या टाकीच्या मागे होतो. पाइपातला पाण्याचा धक्का म्हणावं, तर सगळे पंप बंद होते. थंडीने पत्रा आखडतो म्हणावं, तर तो तसा ताल धरून वाजत नाही. बिअर काढल्यावर मी उभं राहून टाकी उघडायला लावली. आत काहीही नव्हतं. भरून, रिकामी करून, गार करून, सगळे प्रयोग केले. ती टाकी पुन्हा कधी वाजली नाही. टोकाच्या रिकाम्या टाकीचा आवाज तिच्यात घुमला म्हणावं, तर तिथला ठोकणारा बेशुद्ध होता.

यानने जायच्या आधी मला एवढंच सांगितलं, "मी आमच्या लोकांना सांगितलंय, की दार उघडं दिसलं म्हणून आपण तिकडे गेलो. तेवढं त्यांना कळेल." आणि बाहेर माणूस उभा असल्याशिवाय टाकीत कोणी शिरणार नाही, ही अट त्याने भांडून करारात घालून घेतली. सौदा झाला, नकाशावर आमचा ठिपका उमटला. लक्ष्मण परत आला. काम तेच, पान्याने ठोकायचं. पण आता त्याच्या हुद्द्याला तीन इंग्रजी शब्दांचं नाव होतं, आणि ते त्याला शेवटपर्यंत म्हणता आलं नाही.

काही महिन्यांनी कोपरीला हरेश्वरच्या घरी जेवायला गेलो होतो. त्याची बायको कोलंबी वाढत होती. मला राहवलं नाही. म्हटलं, "हरेश्वर, तुला काय वाटतं रे? कोण होतं ते?"

"मी नाय इचार करीत, साहेब."

"अरे, पण कोणीतरी ठोकलं. तुझा ठोका. मी हाताने पाहिलाय."

तो जेवायचा थांबला. "मना बोलता येत नव्हता. तवा माझ्या बदल्यात कोनीतरी 'हाय' म्हनाला. आता त्याला जाऊन इचारू, का म्हनालास?" त्याने माझं ताट बायकोच्या दिशेने सरकवलं. "वाढ गं साहेबांना."

मला हे उत्तर तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. पण इतक्या वर्षांत माझ्याकडे दुसरं आलेलं नाही.