नव्या तोंडाची गाडी

"पट्टी कुठंय?" गाडीखालून सायराकानचा आवाज आला. "तिसऱ्यांदा विचारतेय, बाकाय. बंपरच्या आतली पट्टी कुठंय?"

"आपा, तू आधी बाहेर ये. जमीन गार आहे."

"माझ्या पाठीची काळजी नंतर कर. पट्टी!"

अंगणात गाडीच्या पुढच्या चाकांमधून फक्त तिचे दोन पाय दिसत होते, जाड लोकरी मोजे आणि वर रबरी गलोश. तिचा नवरा जुमादिल पायरीवर चहाचा वाडगा धरून उभा होता. काही झालंच नाही असा चेहरा करण्याचा त्याचा प्रयत्न होता. बाकाय, तिला आपा म्हणजे आई म्हणणारा तिचा पंचवीस वर्षांचा मुलगा, गाडीच्या बॉनेटवर उगाचच फडकं फिरवत होता. जुमादिलचा मित्र कुबात फाटकाला टेकून सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. तमाशा फुकट असला की कुबात हमखास हजर.

"कसली पट्टी घेऊन बसलीस!" जुमादिल म्हणाला. "जरा समोर येऊन तोंड तर बघ गाडीचं. सकाळी गेली तेव्हा टोयोटा होती. आली तेव्हा लेक्सस. बिश्केकमध्ये कोणी ओळखून दाखवावी."

"मी ओळखली. फाटकातून आत येतानाच ओळखली."

ओळखलीच होती तिने. बाजारातून घरी येऊन पिशवी खाली ठेवायच्या आत तिने त्या नव्याकोऱ्या, चकाकणाऱ्या बंपरवर तळहात टेकवून दाबलं होतं आणि प्लास्टिक मनगटापर्यंत आत गेलं होतं. चांगल्या गाडीचा बंपरही थोडा आत जातो, पण मग मागे धक्का झेलणारी लोखंडी पट्टी हाताला लागते. इथे काहीच लागलं नाही. तशीच ती मोबाइलचा दिवा लावून जमिनीवर आडवी झाली होती.

आता ती बाहेर आली. कोपरांना चिखल लागला होता, डोक्यावरचा रुमाल मागे सरकला होता. तिने तो नीट बांधला. ती घाई करत नव्हती, आणि बाकायला याचीच भीती वाटत होती.

"कापली?" तिने विचारलं.

बाकाय फडक्याकडे बघत राहिला.

"लेक्ससचं तोंड बसेना, आपा. जाळी पुढे यायची, दिवे वाकडे दिसायचे. गॅरेजवाला सापार म्हणाला, मधली पट्टी काढली की सगळं चपखल बसतं. सगळे असंच करतात."

"ग्राइंडरने?"

"हो."

"आणि एअरबॅगचे सेन्सर पुढे तारेने बांधलेत, ते कोणाच्या डोक्यातून निघालं?"

"तात्पुरतं आहे ते," जुमादिल म्हणाला. "एकदा तलासला जाऊन येऊ दे..."

"तात्पुरतं! घाटात समोरून ट्रक आला तर त्याला सांगाल, थांब बाबा, आमचं तात्पुरतं आहे?"

कुबात हसला. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने तोंडातली बी गिळली, सालासकट.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना तलासला जायचं होतं. बाकायच्या होणाऱ्या बायकोच्या, जाझगुलच्या कानात सायराकानने स्वतःच्या हाताने डूल घालायचे होते. मुलाची आई हा विधी करते आणि तिथून मुलगी आपली झाली असं धरतात. तेलात तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचा, बोर्सोकचा ढीग स्वयंपाकघरात सकाळपासून वाढत होता, मेंढा शेजारच्या अंगणात बांधला होता, कापडांची पेटी दाराशी भरून ठेवली होती. आणि जुमादिलचं आठ दिवसांचं एकच पालुपद होतं: मुलीकडच्या बायका फाटकावर येतात तेव्हा आधी गाडीचं तोंड बघतात, मग माणसाचं.

गाडी सायराकानची होती. कागदावर जुमादिलचं नाव होतं, पण मिळवलेली तिने होती. कारखाना बंद पडला तेव्हा जुमादिल दोन वर्षं भिंतीकडे तोंड करून झोपला होता. ती शाळेत प्रयोगशाळेत मदतनीस होती, मुलांना ताणकाटे आणि वजनकाटे मांडून द्यायची. शाळा सोडून तिने शहराच्या टोकाला, गाड्यांच्या बाजारात, एका ओळखीच्या माणसाच्या लोखंडी कंटेनरसमोर ब्रेकचे पॅड घेऊन बसायला सुरुवात केली. पहिल्या हिवाळ्यात तिला पॅड आणि साबणाची वडी यात फरक कळत नसे, असं बाजारातले पुरुष अजून हसून सांगतात. तिसऱ्या हिवाळ्यात तेच पुरुष डबा फोडून तिच्या हातात देत आणि थोरल्या बहिणीसारखं एजे म्हणून विचारत, "एजे, बघ बरं, खरा आहे का?"

ती डबा बघतच नसे. डब्यावरचं नाव, चमकणारं चिकटपत्र, त्यावरचे उंच इमारतीचं चित्र, सगळं बाजूला ठेवून वस्तू तळहातावर घ्यायची. वजन बघायची, कडेला नख फिरवायची, नाकाजवळ न्यायची. खोट्या रबराला येणारा रॉकेलसारखा वास ती चार हातांवरून ओळखायची. मग सांगायची. आवडो न आवडो.

तिला डुप्लिकेटचा तिटकारा होता असंही नाही. दिवे, आरसे, वायपर, दारांच्या मुठी असला डुप्लिकेट माल ती स्वतः विकायची, डुप्लिकेट म्हणूनच. "दिसतं ते खोटं चालेल," ती गिऱ्हाइकाला म्हणायची. "थांबवतं, वळवतं आणि मार खातं ते खोटं मी देणार नाही. पलीकडच्या रांगेत मिळेल. जा." पुष्कळ जण जायचे. काही शिव्या घालून जायचे. त्यातले बरेचसे महिन्याभराने परत यायचे, आणि ती त्यांना आठवण करून देत नसे.

जुमादिलचं वेगळं होतं. गाडी नीट चालवता येत नसली तरी गाड्यांवर मत देण्यात त्याचा हात कोणी धरत नसे. बायकोच्या कंटेनरसमोर स्टूल टाकून, चहाचा थर्मास मांडीशी घेऊन, तो आणि कुबात आणि आणखी दोनचार जण दिवसभर बसत. जर्मन गाडी म्हणजे रुसकी बायको, रोज मनवावी लागते. कोरियन गाडी म्हणजे शेजाऱ्याकडून उसना आणलेला कोट. टोयोटा म्हणजे घोडा, पण बिनखोगिराचा. लेक्सस म्हणजे तोच घोडा, वर मखमली खोगीर. डाव्या हाताला स्टिअरिंग असलेली गाडी आणि उजव्या हाताला असलेली, यावर तर दोन मित्रांनी सहा महिने अबोला धरला होता. सायराकान हे सगळं ऐकत पार्टचे डबे लावायची. तिला वाटायचं, बसू दे, भिंतीकडे तोंड करून झोपण्यापेक्षा हे बरं. या बोलण्यातून एक दिवस ग्राइंडर निघेल असं तिला वाटलं नव्हतं.

"कापलेली पट्टी आण," ती बाकायला म्हणाली.

बाकायने बापाकडे बघितलं.

"सापारला देऊन टाकली," जुमादिल म्हणाला. "भंगार होतं."

"भंगार तुम्ही केलंत. सकाळपर्यंत ती गाडीचा जीव होती."

"अगं एवढं काय! शहरात निम्म्या गाड्यांना नवी तोंडं बसवलीत. मंत्र्यासंत्र्यांच्या पोरांच्या गाड्या बघ. कोणी मेलंय का?"

"तुम्हाला कसं कळणार कोण मेलं? मेलेला माणूस बाजारात येऊन सांगत नाही, एजे, माझ्या गाडीला पट्टी नव्हती म्हणून."

"तू पण ना! प्रत्येक गोष्टीत लोखंड दिसतं तुला. मुलाच्या आयुष्यातला एक दिवस आहे. त्याच्या सासऱ्यासमोर त्याने पंधरा वर्षांच्या खटाऱ्यातून उतरायचं?"

"त्या खटाऱ्यातून मी तुमच्या आईला बारा वेळा इस्पितळात नेलं. तेव्हा गाडीच्या तोंडाबद्दल तुमची तक्रार नव्हती."

स्वयंपाकघराच्या खिडकीत नाझिक दिसली, धाकटी मुलगी, हातात झारा. तेलाचा धूर तिच्या मागून येत होता. "आपा, पीठ संपत आलं," ती म्हणाली आणि अंगणातली हवा बघून लगेच आत वळली.

बाकाय आता पुढे आला. मुलगा वाईट नव्हता. उंच, जरा मऊ स्वभावाचा. बापासारखा बोलघेवडा नाही, आईसारखा हट्टी नाही. "आपा, मला हौस होती," तो म्हणाला. "खोटं नाही बोलत. जाझगुलच्या चुलतभावांकडे सगळ्यांकडे मोठ्या गाड्या आहेत. ते फोटो टाकतात. मागच्या वेळी त्यांनी विचारलं, तुमची कुठली? मी म्हणालो, लेक्सस. तोंडातून निघून गेलं. मग वाटलं, निघून गेलंच आहे तर..."

"तर खरं करू. ग्राइंडरने."

"हो."

सायराकानचा राग इथे क्षणभर अडला. पोराने हौस केली, पोर खोटं बोललं, पोर लाजलं. तेवढंच असतं तर दोन थोबाडीत आणि एक नवी पट्टी यावर भागलं असतं. ती मनातल्या मनात मोजूही लागली: पट्टी जुन्या गाड्या फोडणाऱ्यांच्या रांगेत सापडेल, पण सापारचं गॅरेज बंद झालं असेल, आणि या जाळीमागे ती बसणार कशी...

तेवढ्यात कुबातला वाटलं की आता मध्यस्थी करावी.

"एजे, एवढी चिंता कशाला? तिकडच्यांना काही शंका नाहीये. जुमादिलने सगळं बघून घेतलंय. व्याह्यांशी फोनवर बोलला तेव्हा मी तिथेच होतो."

"काय बोलला?"

जुमादिलने चहाचा वाडगा पायरीवर ठेवला. "काही नाही. इकडचं तिकडचं."

"कुबात, काय बोलला?"

कुबातला आपण कुठे पाय टाकला ते कळलं, पण उशीर झाला होता. "व्याह्यांनीच विचारलं गं. लग्नानंतर मुलगी याच गाडीतून घाट ओलांडून येणार ना, म्हणून. त्यांचा धाकटा भाऊ गेला त्या घाटात, दुरुस्त केलेल्या गाडीत. म्हणाले, गाडी कुठली आहे याच्याशी मला घेणं नाही, धड आहे का तेवढं सांगा. तर जुमादिल म्हणाला..." तो थांबला.

"बोल."

"म्हणाला, सायराकानने स्वतः उभं राहून काम करून घेतलंय. तिच्या हाताखालून गेलेली गाडी आहे. तिच्या शब्दावर अख्खा बाजार चालतो."

शेजारच्या अंगणातला मेंढा ओरडला.

"त्यांनी माझं नाव ऐकून काय म्हटलं?" सायराकानने नवऱ्याला विचारलं. तिचा आवाज खाली आला होता.

"म्हणाले, मग झालं. मग मी निश्चिंत आहे."

"मग मी निश्चिंत आहे," तिने ते शब्द पुन्हा म्हणून बघितले.

"अगं, मी तुझा मानच वाढवला ना त्यात! तुझी तारीफच..."

"बाकायचे वडील, ऐका." ती त्याच्या अगदी जवळ गेली. "एकोणीस वर्षं मी त्या कंटेनरसमोर बसलेय. उणे पंचवीसमध्ये बसलेय. बोटं काळी पडलीत माझी. लोकांनी शिव्या दिल्या, पलीकडच्या रांगेतल्याने माझं गिऱ्हाईक पळवलं, पण मार खाणारी वस्तू खोटी दिली नाही. एकदाही नाही. तुम्ही समोर बसून चहा पीत हे सगळं बघितलंत. आणि त्या माणसाने, ज्याच्या भावाला घाटातून तुकड्यांनी आणलं, त्याने एकच खरा प्रश्न विचारला. गाडी कुठली ते नाही विचारलं. गाडीवरचा बिल्ला कुठला ते नाही. तुम्ही आठ दिवस ज्याच्यासाठी मरत होतात ते त्याने विचारलंच नाही! त्याने विचारलं, धड आहे का. आणि तुम्ही रिकाम्या डब्यावर माझं नाव चिकटवून त्याच्या हातात दिलंत."

"सायरा, हळू. शेजारी..."

"ऐकू दे शेजाऱ्यांना! त्यांच्या पोरीही याच गाडीत बसतील, लग्नाच्या वरातीत."

मग जुमादिलने पुरुषासारखा शेवटचा प्रयत्न केला. "आता बोभाटा केलास तर सोयरीक मोडेल. तुला ते हवंय का? मुलाचं घर मोडायचंय? एक दिवस गप्प बस. हळू जाऊ, मी सांभाळून चालवतो. परत आलो की पट्टी बसवू. कोणाला कळणार नाही."

"मला कळेल," बाकाय म्हणाला.

दोघांनी त्याच्याकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले होते. "मला माहीत नव्हतं तुम्ही आपाचं नाव घेतलंत ते," तो बापाला म्हणाला. "मला जाझगुलच्या काकाचंही माहीत नव्हतं. ती त्या घाटाचं नाव निघालं की विषय बदलते. मी म्हटलं, गाडी लागत असेल तिला."

सायराकानने हात पुढे केला. बाकायने किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती एप्रनच्या खिशात टाकली आणि कोणाकडे न बघता घरात गेली. आत तिने हात धुतले, कोपरापर्यंत, दोनदा. मग फोन घेऊन मागच्या खोलीत गेली आणि दार लावलं. नाझिकला आतून तिचा आवाज ऐकू येत होता, शब्द नाही. दोन फोन झाले. पहिला छोटा. दुसरा तिने लावला आणि कोणी उचलायच्या आत बंद केला.

ती बाहेर आली तेव्हा सगळे जेवायच्या गालिच्याभोवती बसले होते. कुबात निघून गेला होता. जुमादिलने रोटी तोडली होती पण खाल्ली नव्हती. नाझिकने आईसाठी जागा केली. ती बसली नाही.

"तुरात पहाटे पाचला येईल," ती म्हणाली. "तलासची सवारी गाडी चालवतो तो. गाडी कुरूप आहे, पण ब्रेक मी दिलेत. मेंढा, पेटी, बोर्सोक सगळं त्यात मावेल. आपण चौघं त्यातून जायचं. आपली गाडी पट्टी बसेपर्यंत अंगणातून हलणार नाही, आणि लग्नात ती टोयोटाच असेल. हे फोनवर सांगायची गोष्ट नाही, म्हणून व्याह्यांना लावलेला फोन मी बंद केला. तिकडे पोचल्यावर, डुलांची डबी उघडायच्या आधी, मी व्याह्यांना सगळं सांगणार आहे. पट्टीचं, बिल्ल्याचं आणि माझ्या नावाचं. मग त्यांनी मुलगी पुढे केली तर मी डूल घालेन. नाही केली तर तुरातच्याच गाडीने परत येऊ. आता जेवा. चारला उठायचंय."