वरनं काय उडवायचं न्हाई

आमच्या कडेगावच्या बाजूला फौजी गावाला आला की वेशीपासनं मिरवनूक निघती. उघडी जीप, हलगी, गुलाल आन् ही मोठमोठी फ्लेक्स. मी सुभेदार म्हनून रिटायर झालो तवा माझी बी निघाली व्हती. तवा बैलगाडी व्हती आन् फुलं मानसं हातानं टाकत व्हती. आता पोरांना सगळं वरनं पायजे. आधी जेसीबीच्या बकेटातनं फुलं टाकायचे, औंदा म्हनं ड्रोननं. हौस करा की, कोन न्हाई म्हनतंय? पन ज्याच्यावर फुलं टाकताय त्याला एकदा इचारा तरी! जाऊ द्या, माझं टाळकं सरकतं. गोष्ट माझी न्हाई, दगडाबाईची हाय.

दगडाबाई मूळची तिकडं जतकडल्या माळाची. ती आन् तिचा नवरा गुंडा दर साली मेंढरं घेऊन आमच्याकडं उतरायची. मेंढरं रात्रभर रानात बसली की लेंड्यांनी रानाला खत मिळतं, त्याच्या बदल्यात आमी जोंधळं द्यायचो. एका साली गुंडा साप चावून गेला. पोरगा अर्जुना तवा कडेवर व्हता. बाई माघारी गेली न्हाई. हितंच ओढ्याकडंला खोप घातली, मेंढरं राखली, पोरगं वाढवलं. कमरेला कायम गोफन खोचलेली, लोकरीची, सोता वळलेली. लहानपनी जोंधळ्यावरची पाखरं उठवायला शिकली आन् पुढं लांडगं बी त्याच गोफनीनं पिटाळली. बोलनं कमी, पन बोलली की समोरच्याची बोलती बंद. मला सुभेदार म्हनती खरं, पन धाक तिचाच माझ्यावर.

अर्जुनाला कालव्याच्या रस्त्यावर पळवून मीच भरतीला तयार केला. औंदाच्या उन्हाळ्यात सरहद्दीवर त्याच्या चौकीवर ड्रोन आली, वरनं बॉम्ब टाकले. दोघं गडी जखमी झाले, त्यांना ह्यानं वडत आत आनलं. पेपरात फोटो आला आन् गाव येडं झालं. सरपंचाचा पोरगा विश्वजीत मिरवनुकीच्या तयारीला लागला.

मिरवनुकीच्या आदल्या दिवशी सकाळी विश्वजीत माझ्या अंगनात बसलेला, तवर दगडाबाई आली. उभ्या उभ्याच म्हनाली, "उद्या काय करायचं ते करा. पन वरनं काय उडवायचं न्हाई."

"का गं मावशी?" विश्वजीत हसला. "पलूसवरनं ड्रोनवाला सांगितलाय. गुलाबाच्या पाकळ्या टाकनार अर्जुनावर. एक लंबर दिसंल!"

"मेंढरं बुजत्यात," बाई म्हनाली.

"एवढंच व्हय? बरं, न्हाई उडवत."

बाईनं मान हलवली आन् निघाली. मी बी काठी घेऊन मागनं निघालो. लांडग्याला न भ्यालेल्या बाईचं तोंड पांढरं पडलं व्हतं, आन् ते मेंढरांपायी न्हवं. ओढ्यापाशी गाठून म्हनलं, "दगडाबाई, खरं काय हाय?"

बाई रस्त्यातच मटकन खाली बसली.

"त्यो आलाय सुभेदार. कालच आलाय. गावाला सांगू नको म्हनला, म्हनून खोपीतच हाय. काल शेजारच्या उसात फवारनीचं ड्रोन आलं. मी भाकरी थापत व्हते. ह्यानं मला मानंला धरून मेंढरांत पाडलं आन् माझ्या अंगावर पडून ऱ्हायला. फवारनी संपून मानसं घरला गेली तरी उठंना. लटलट कापत व्हता वो. सोताची शपथ घातली, कुनाला बोलायचं न्हाई म्हनून. फौजी गडी भ्याला असं गाव म्हनंल म्हनतोय."

मी खोपीत गेलो. अर्जुना अंधाऱ्या कोपऱ्यात, छपराखाली बसलेला. मला बघून सावधान उभा ऱ्हायला, मग परत छपराखाली बसला.

"तात्या, तुमच्या टायमाला गोळा यायचा तवा शिट्टी वाजायची," तो म्हनाला. "मोर्च्यात, खंदकात दडलं की झालं. गोळ्याला ठावं नसायचं आत कोन हाय. ह्याला डोळा हाय तात्या. परातीएवढं असतंय, म्हशीच्या किमतीत येतंय म्हनत्यात, आन् रनगाडा लोळवतंय. वर येऊन थांबतंय. बघतंय. कोन हाललं, कोन पळालं, मग त्याच्यावर सोडतंय. पळालेला जगला न्हाई."

मी लढाई बघितलेला मानूस. पन असली लढाई बघितली न्हवती. त्याच्या पाठीवर हात ठेवला तर पाठ लाकडासारखी ताठ. मी म्हनलं, "मिरवनूक नको म्हनून सांगतो." तर नको म्हनला. नुसतं जीपमधी बसायचंय, तेवढं जमंल. विश्वजीतनं शबूद दिलाय हे ऐकल्यावर मातर कुठं त्याचं खांदं सैल पडलं. आमी तिघं बी निवांत झालो, हीच आमची चूक.

दुसऱ्या दिवशी वेशीला अख्खं गाव जमलं. अर्जुना कडक वर्दीत जीपमधी उभा, शेजारी विश्वजीत. रस्त्याच्या कडंला डांबरीकरनाची खडी पडलेली, तिच्याजवळ दगडाबाई ओवाळायचं ताट घेऊन उभी, माझी सून संयोगिता बाजूला. पोरगं हसत व्हतं. म्हातारीचं डोळं भरलेलं. मला वाटलं, झालं, निभावलं.

हलगी जोरात व्हती. तेवढ्यात अर्जुनाचं हसू गेलं. मान जरा वर झाली. मला काय बी ऐकू येत न्हवतं, पन मी त्याचं तोंड बघितलं आन् मी बी आभाळाकडं बघितलं. मग शाळेच्या मागनं ते वर आलं. घों घों करत, पोटाला फुलांची टोपली बांधलेली.

मी बोंब मारली, "विश्वा, बंद कर ते! खाली घे!"

"आवं तात्या, मेंढरं ओढ्याला हायती की!" विश्वजीत हसून वरडला. "हितं कशाला बुजत्यात?"

पुढचं बोलनं त्याच्या तोंडातच ऱ्हायलं. अर्जुनानं त्याला कवळ्यात धरला आन् दोघं जीपवरनं डांबरावर आदळले. विश्वजीत खाली, अर्जुना वर. त्याचं डोकं आपल्या छातीखाली दाबून धरलेलं. हलगी थांबली. पब्लिकला वाटलं काय तरी गंमत चाललीय, चार जनांनी टाळ्या बी वाजवल्या. हरामखोर!

दगडाबाईनं ताट संयोगिताच्या हातात कोंबलं. खडीतला एक दगड उचलला. गोफन डोक्यावर गरगर फिरली आन् दगड सुटला. चुकला. एसटीच्या थांब्याच्या पत्र्यावर ठान् करून वाजला, बायका किंचाळल्या. कोन तरी वरडलं, "म्हातारीला धरा रं!" मी काठी आडवी धरून मधी उभा ऱ्हायलो. म्हनलं, जो पुढं येईल त्याचं टाळकं फोडीन.

ड्रोन आता बरोबर अर्जुनाच्या डोक्यावर आलं. आलं आन् थांबलं. चालवनारा लांब शाळेच्या गच्चीवर, त्याला काय ठावं खाली काय झालंय! टोपली उघडली. पाकळ्या खाली आल्या. पहिली पाकळी मानंवर पडली तवा अर्जुनाचं सगळं अंग असं दचकलं की माझ्या डोळ्यांत पानी आलं. पडल्या गुलाबाच्या पाकळ्या, पन त्या गड्यानं मरन झेललं.

बाईच्या गोफनीत दुसरा दगड व्हता. गोफन फिरत व्हती, पन बाई सोडत न्हवती. आता मारावं तर यंतर पोराच्याच पाठीवर पडनार. ओठ दाताखाली धरून ती नुसती फिरवत ऱ्हायली. पदर गळाला, चुंबळीएवढा अंबाडा सुटला, पन नजर वर. मी मनात म्हनत व्हतो, सरक, बाबा, सरक तिथनं.

टोपली रिकामी झाली. ड्रोन जरा वाकलं आन् बाजूच्या ओसाड जाग्याकडं वळलं. गोफन फाटकन वाजली. दगड लागलेला मला दिसला न्हाई. पंख्याचा तुकडा उडाला, यंतर तिरकं झालं, गरगरलं आन् घानेरीच्या झुडपात जाऊन पडलं. जरा वेळ त्यातनं कुरकुर आवाज आला आन् मग त्यो बी थांबला.

कुनी हाललं न्हाई. अर्जुनाच्या खालनं विश्वजीतचं तोंड दिसत व्हतं. त्याच्या डोळ्यांतनं पानी व्हात व्हतं. नंतर त्यानं मला सांगितलं, अर्जुना सारखा त्याच्या कानात म्हनत व्हता, "हलू नको गड्या. मी हाय. हललास की बघतंय."

दगडाबाई लेकाजवळ गेली. खाली वाकली, त्याच्या मानंवरच्या पाकळ्या एकेक करून काढल्या.

"पाडलं रं बाळा. म्या पाडलं. ऊठ आता."

अर्जुना उठला न्हाई. डांबराला गाल लावूनच त्यानं बारीक आवाजात इचारलं, "आई, दुसरं कुठाय? एकटं कवाच येत न्हाई ते."

बाईनं 'दुसरं न्हाई' असं म्हनलं न्हाई. तिनं खडीतला आनखी एक दगड उचलला, गोफनीत घातला आन् लेकाच्या अंगावर दोन्ही बाजूला पाय रोवून उभी ऱ्हायली. वर बघत. मी तिच्या शेजारी गेलो आन् वर बघायला लागलो. मग हलगीवाला ज्ञानू आला, मग संयोगिता, मग एकेक करत सगळी. अर्जुना उठंस्तवर अख्खं गाव तिथं आभाळ राखत उभं व्हतं.