गुलब्याचा तात्या

मराठवाड्यातल्या वाशीच्या बाजारात आमच्या गल्लीतला तात्या ओठ मिटून बोलायचा. आवाज कधी मिरच्यांच्या ढिगातून निघायचा, कधी तेल्याच्या बुधल्यातून. एकदा तर रेड्याच्या पोटातून "मला घेऊ नको रं" असा निघाला आणि गिऱ्हाईक थेट धाराशिवपर्यंत पळालं. खोटं वाटेल, पण त्याची एक वहाण आमच्याकडं बरीच वर्षं होती.

एरवी तात्या म्हणजे गोगलगाय. बोलायचा तो त्याच्या मांडीवरचा गुलब्या, पांगाऱ्याच्या लाकडाचा बाहुला. तात्याचा उजवा हात पाठीत शिरला की गुलब्या पाटलापासून पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांची सालटी काढायचा. मग तात्या त्याला चापट मारून हात जोडायचा, "माफ करा मालक. म्या गरीब, ह्योच लई वांड हाय." बाहुल्याच्या बोलण्याचा राग धरायचा नाही, हा बाजाराचा रिवाज. तात्याच्या अंगात गुलब्या इतका मुरला की घरी भाकर वाढू का विचारलं, तरी तो आधी गुलब्याकडं बघायचा. त्याची बायको जनाक्का म्हणायची, "माजी सवत लाकडाची हाय." आम्ही हसायचो. जनाक्का हसायची नाही.

निजामाच्या अखेरच्या दिवसांत ठाण्यावर नवा अमीन, म्हणजे फौजदार, आला. बाजारातून फुकट कोंबड्या उचलायचा. सगळे खाली बघायचे. एका दुपारी गुलब्यानं मान वळवली.

"अमीनसाब, आमच्या कोंबड्या तुमच्याकडं पाव्हण्या गेल्या, एकबी माघारी आली न्हाय. जेवण लई झ्याक हाय व्हय?"

कुणी हसलं नाही. अमीनाला रिवाज ठाऊक नव्हता. त्यानं पिस्तूल तात्याच्या छातीला लावलं. "कौन बोला? तू या ये?"

तात्यानं ओठ मिटले. गुलब्या बोलला, "म्या बोललो. त्येला सोडा."

अमीनानं गुलब्याला हिसकून भजीवाल्याच्या चुलीत कोंबलं. लाकूड पेटलं तशी चुलीतून किंकाळी उठली, "तात्या, हात दे!" मी शेजारीच होतो. तात्याचे ओठ मिटलेलेच. उजवा हात तेवढा हवेत उघडत-मिटत होता.

त्यानंतर तात्या बोलला नाही. राज्य बदललं, अमीन गेला. बाजारानं तात्याला कट्ट्यावर बसवून नवा बाहुला दिला. "बोला तात्या, आता कुणाचं भ्याव न्हाय."

तात्यानं बाहुला बाजूला ठेवला. रिकामा हात मांडीवर उभा केला. बोटं उघडली, मिटली. उघडली, मिटली. आवाज नाही. पुढची माणसं मागं सरकली.

जनाक्का तेवढी पुढं झाली. तिनं तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"गुलब्या," ती हाताला म्हणाली, "दमला असशील बाळा. चल घरी."

तेव्हा कुठं तात्या उठला.